लोपीस अंकलची मधली फांदी

"चंद्र म्हण, दगड म्हण, घर म्हण. आणि ती बाई म्हणतेसुद्धा."

लिफ्टमध्ये आठव्या मजल्यावरच्या दोघीजणी बोलत होत्या. मी कोपऱ्यात हेडफोन लावून उभी होते. मी आईला सगळी उत्तरं इंग्लिशमध्ये द्यायचे, त्यामुळे मला मराठी कळत नाही असा बिल्डिंगमध्ये समज होता. दुसरी म्हणाली, "बायको तिकडे वसईला, आणि हा इकडे दर शुक्रवारी फिलिपिनी बाईला समोर बसवून शाळा घेतो. वॉचमनलासुद्धा ठाऊक आहे." तेवढ्यात सहाव्या मजल्यावर लिफ्ट थांबली. दार उघडलं तर समोर स्वतः लोपीस अंकल, हातात कचऱ्याची पिशवी. त्यांनी आम्हा तिघींना मान लववून गुड मॉर्निंग केलं, लिफ्ट वर चालली आहे हे पाहून "सॉरी, मला खाली जायचंय" म्हणाले आणि दार बंद होईपर्यंत तसेच अदबीनं उभे राहिले.

इनास लोपीस मूळचे वसईजवळच्या निर्मळचे. शारजात अल मजाजमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते आमच्याही आधीपासून राहत होते. त्यांच्या पत्नी लिली आंटी मुलीला घेऊन तिच्या कॉलेजसाठी वसईला परत गेल्या, तेव्हा अंकल एकटे उरले. पण बिल्डिंग फॅमिलीवाल्यांची. एकटा पुरुष राहतो आहे असं कळलं तर घर सोडायला सांगतील, या भीतीनं ते बाल्कनीतल्या दोरीवर आंटींचे दोन ड्रेस कायम वाळत घालून ठेवायचे. दर शनिवारी ते ड्रेस पाण्यातून काढून पुन्हा टांगायचे, म्हणजे खरंच धुतल्यासारखे वाटावेत. शारजाच्या उन्हात एकाचा निळा रंग उडून पांढरट झाला होता. सगळ्या बिल्डिंगला हे माहीत होतं आणि कोणीही बोलत नव्हतं. अंकलना मात्र वाटायचं की कोणालाच माहीत नाही.

ते एका इंजिनीअरिंग कन्सल्टन्सीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. इमारतीचं कुठलं ड्रॉइंग कधी आलं, त्यात कोणी काय बदललं, आता चालू कुठलं आणि बाद कुठलं, याची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. बाद झालेल्या ड्रॉइंगवर ते लाल शिक्का मारायचे: सुपरसीडेड. ऑफिसची सवय घरीही सुटली नव्हती. आईनं डब्यातून सोलकढी पाठवली की दुसऱ्या दिवशी रिकामा डबा घेऊन दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "वहिनी, ही रिव्हिजन कुठली? मागच्यापेक्षा तिखट होती." उंबऱ्याच्या आत ते कधी येत नसत.

२००९च्या फेब्रुवारीत ते असेच दारात आले, पण हातात डबा नव्हता. त्यांनी आईला सांगितलं की त्यांच्याकडे सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, चर्चमधल्या मासनंतर दोन बायका यायच्या, नेनिता आणि मिला. ते त्यांच्या भाषेतले शब्द लिहून घ्यायचे, रेकॉर्ड करायचे, तीन वर्षं झाली. आता मिलाची नोकरी गेली आणि ती फिलिपीन्सला परत गेली. नेनिता एकटीच उरली. एक परका पुरुष आणि एक बाई बंद फ्लॅटमध्ये बसणं इथे कायद्यानं चालत नाही, आणि बरंही दिसत नाही. तासभर कोणी बाईमाणूस येऊन नुसतं बसलं तरी पुरे.

आईनं माझ्याकडे पाहिलं. माझीही नोकरी त्याच महिन्यात गेली होती. दुबईला सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत पाच महिने काम केलं, मग एका सकाळी आमच्या ओळीतल्या सातजणांना मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि दुपारपर्यंत आमची ऍक्सेस कार्डं बंद झाली. तेव्हापासून मी घरीच होते आणि फारशी कोणाशी बोलत नव्हते. आई म्हणाली, "ही येईल की. नाहीतरी गप्पच बसते."

अशी मी दर शुक्रवारी साडेअकराला सहाव्या मजल्यावर बसायला लागले.

अंकलचं डायनिंग टेबल लांब होतं. एका टोकाला नेनिता, दुसऱ्या टोकाला अंकल, मध्ये रेकॉर्डर. मी बाल्कनीच्या दाराशी खुर्चीवर. नेनिता चाळिशीची, ठेंगणी, फार हळू आवाजात बोलणारी. ती अंकलच्याच ऑफिसात सफाई करायची आणि त्यांना सर इनास म्हणायची. अंकल रेकॉर्डर लावून इथल्या अरबी सवयीनं, चला म्हणावं तसं, म्हणायचे, "यल्ला, नेनिता. मून." ती शब्द म्हणायची, तीन वेळा. शेवटी ते "खलास" म्हणून बटण दाबायचे आणि मग आम्हा दोघींना चहा मिळायचा, सोबत खजूर. तिला हात लावणं तर सोडाच, तिच्या टोकाकडे ते फिरकतही नसत. घसा थरथरतो की नाही हे पाहायचं असेल तर स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून दाखवायचे, मग ती स्वतःच्या गळ्यावर ठेवायची आणि हो किंवा नाही सांगायची. ओठांतून वारा किती सुटतो ते पाहायला ट्रेसिंग पेपरची पट्टी होती. ती पट्टी नेनिता ओठांसमोर धरायची, आणि अंकल टेबलाच्या या टोकावरून चष्मा वर सरकवून ती किती हलते ते बघायचे.

दोघांची ओळख एका मोजणीतून झाली होती. ऑफिसात नेनिता कागदाची रिमं कपाटात लावताना स्वतःशी मोजत होती. अंकल तिथेच फाइल शोधत होते. त्यांना फिलिपिनो आकडे येत होते, ऑफिसात सतत कानावर पडायचे. हे त्यातले नव्हते. आठाच्या जागी तिनं काहीतरी घशातून म्हटलं. त्यांनी विचारलं, ही कुठली भाषा? ती घाबरली. तिला वाटलं मोजणी चुकली.

ती इत्बायातची. फिलिपीन्सच्या नकाशात सगळ्यात वर, तैवानच्या खाली, समुद्रात काही ठिपके आहेत. त्यातलं ते एक बेट. मिला शेजारच्या बातान बेटावरची. अंकलनी मला हे सगळं पहिल्याच शुक्रवारी समजावून सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. आफ्रिकेजवळच्या मादागास्करपासून हवाईपर्यंत एकच प्रचंड भाषाकुटुंब पसरलं आहे, ऑस्ट्रोनेशियन. पाचाला कितीतरी ठिकाणी 'लिमा' म्हणतात. चंद्र मलायात बुलान, मादागास्करात वुलाना. या ठिपक्यांवरच्या चार-पाच भाषा म्हणजे त्या कुटुंबातलं एक लहानसं बिऱ्हाड, त्यातली एक तर तैवानच्या हद्दीतल्या बेटावर. तिथे ब चा व झाला आणि ल बदलला. बातानवर ल चा ह झाला, म्हणून चंद्र वुहान आणि घर वाहाय. इत्बायातवर त्याच ल चा ग़ झाला, अरबीतल्या ग़ैनसारखा, घशातून घासत येणारा. चंद्र वुग़ान, घर वाग़ाय.

तो आवाज मला लगेच ओळखता आला. शाळेत आम्हाला अरबी सक्तीचं होतं, आणि आमच्या इजिप्शियन टीचरनी ग़ैन येईपर्यंत एकेकीला उभं ठेवलं होतं. अंकल इथे आले ते मोठेपणी. ते अरबी बोलायचे, पण ग़ म्हणताना त्यांचा साधा ग व्हायचा. ऐकताना मात्र फरक कळतो, असं ते म्हणायचे.

भाषांची नाती कशी लावायची याचा त्यांचा नियम ड्रॉइंगांवरून आला होता. ते मला म्हणाले, "दोन ड्रॉइंगांत बरोबर असलेल्या गोष्टी सारख्या असल्या तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. बरोबर तर सगळेच काढतात. पण दोन्हींत एकाच जागी एकच चूक असली, एकच खिडकी दोन इंच सरकलेली असली, तर समजायचं की दोन्ही एकाच कागदावरून उतरलीत. भाषांचंही तसंच. जुनं काय राखलं ते बघू नकोस, एकत्र काय बिघडवलं ते बघ." हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणी निर्मळच्या बाजारात बाई तोंड उघडायच्या आत नव्हे, पण दुसऱ्या वाक्याला ती आगाशीची की नंदाखालची हे ते सांगायचे, आणि आजूबाजूचे लोक हसायचे. बी.कॉम. झाले, गल्फला आले, कपाटं सांभाळली. पुस्तकं मागवून रात्रंदिवस वाचली ती पन्नाशीनंतर.

भिंतीवर एक मोठा ए-वन कागद टांगलेला होता. त्यावर त्या बिऱ्हाडाची झाडासारखी आकृती, खाली ऑफिसच्या ड्रॉइंगसारखी चौकट: ड्रॉइंग नंबर एक, रिव्हिजन सात. बातानची फांदी, इत्बायातची फांदी, आणि दोन्हींच्या मध्ये तुटक रेषेनं काढलेली एक तिसरी, बिननावाची.

ती मधली फांदी हा त्यांचा शोध होता. तीन वर्षांच्या रेकॉर्डिंगमध्ये नेनिता आणि मिला दोघीही काही शब्दांत ह म्हणायच्या आणि काही शब्दांत ग़. चंद्राला ह, घराला ग़. आणि दोघींचे तेच शब्द, तसेच. म्हणजे दोन वेगळ्या बेटांवरच्या बायकांच्या तोंडी एकच चूक, एकाच जागी. मिलाची आजी मूळची इत्बायातवरच्या एका वस्तीतली निघाली, नेनिताची आईही त्याच बाजूची. अंकलनी ठरवलं की त्या वस्तीची एक वेगळीच भाषा होती, कोणीही न नोंदवलेली. त्यावर बावीस पानांचा लेख लिहून ते एका परदेशी प्राध्यापकांना पाठवणार होते. अंकलनी वाचलेली पुस्तकं त्या प्राध्यापकांचीच, थोडा पत्रव्यवहारही झालेला. लेखाची प्रत माझ्यासमोर धरून ते म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांना नंबर दिले. हा पहिला माझा."

मंदीमुळे ऑफिसात तेव्हा कामच उरलं नव्हतं. ड्रॉइंगं येणं बंद झालं होतं आणि जी होती त्यांच्यावर शिक्के पडत होते, होल्ड, कॅन्सल. अंकल हसून म्हणायचे, "माझ्या कपाटात चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर गुंडाळून ठेवलेत." दर महिन्याला दोन टेबलं रिकामी होत होती. त्यांचं कधी होईल ते माहीत नव्हतं. त्याआधी लेख जायला हवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मार्चमधल्या एका शुक्रवारी चहाच्या वेळी नेनिताचा फोन वाजला. घरून होता. ती माफी मागून बाल्कनीत गेली आणि त्या दोन ड्रेसांच्या मध्ये उभी राहून आईशी बोलली. माझी खुर्ची दाराशीच होती. भाषा मला कळत नव्हती, पण सहा आठवडे तेच शब्द ऐकून काही ओळखीचे झाले होते. तिचा आवाजच वेगळा होता, मोठा आणि भरभर. आणि सगळीकडे ग़. ती चंद्र म्हणाली, किंवा महिना म्हणाली असेल, दोन्हींना शब्द एकच, तिथेही ग़. आत येऊन बसली, अंकल म्हणाले यल्ला, मून, आणि ती तिच्या हळू आवाजात ह लावून म्हणाली, वुहान.

मी त्यानंतर लक्ष देऊन ऐकत राहिले. दर फोनला तेच. मग एकदा लिफ्टची वाट पाहताना मी तिला, फार धीर करून, विचारलं की मिला आणि ती एकत्र राहायच्या का. तिचा चेहरा उजळला. अकरा वर्षं, ती म्हणाली. शारजातल्याच रोला भागामागे एका बेडस्पेसमध्ये, म्हणजे खाटेपुरतं भाडं द्यायच्या खोलीत, तीन दुमजली पलंग, मिला खाली आणि ती वर. बाकीच्या चौघी सतत बदलायच्या, या दोघी तशाच. सुरुवातीला एकमेकींचं बोलणं अडायचं, मग एकीनं थोडं सोडलं, दुसरीनं थोडं घेतलं. ती हसत म्हणाली, आम्ही दोघी बोललो की खोलीत कोणाला काही समजायचं नाही, फोनवरून ऐकणाऱ्या माझ्या बहिणीलासुद्धा समजायचं नाही.

म्हणजे मधली फांदी त्या वस्तीत नव्हती. ती त्या दोन पलंगांच्या मध्ये होती. ज्या माणसानं आयुष्यभर ड्रॉइंगांवर लक्ष ठेवलं, त्याच्याकडे दोन कागद एकाच नळकांड्यात गुंडाळून, एकमेकांवर शाई उतरून आले होते, आणि त्यानं ते नळकांडं पाहिलं नव्हतं.

मी सांगायला हवं होतं. मेपर्यंत लेख टेबलावर होता. पण मी तिथे नुसती बसायला होते, भाषांतलं मला काय कळत होतं, आणि दर शुक्रवारी अंकलचा चेहरा त्या कागदापाशी जसा व्हायचा तसा एरवी कधी होत नव्हता. लेख पाठवायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी रेकॉर्डिंग लावलं, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुझे कान तरुण आहेत. तुला काही वेगळं ऐकू येतं?"

मी म्हटलं, "नो, अंकल."

उत्तर सप्टेंबरात आलं. अंकलनी ते छापून फाइलला लावलं होतं. पत्र सभ्य होतं. प्राध्यापकांनी मेहनतीची स्तुती केली होती आणि लिहिलं होतं की हे मिश्र शब्द कुठल्याच बेटावर कधी कोणाला सापडलेले नाहीत. माहिती देणाऱ्या दोघी गेली दहा वर्षं कुठे आणि कोणासोबत राहत होत्या, हे कळवता येईल का? अंकलनी ते शेवटचं वाक्य वाचलंच नसावं. ते पहिल्यावरच अडकले होते. सापडलेले नाहीत म्हणजे नाहीतच. म्हणजे कोणीतरी बनवून सांगितले.

त्या शुक्रवारी ते यल्ला म्हणाले नाहीत. ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "नेनिता, टेल मी प्रॉपरली. मून." ती गोंधळली आणि आईशी बोलायची तसं म्हणाली, वुग़ान. त्यांनी जुनं रेकॉर्डिंग लावलं. त्यातून तिचाच आवाज आला, वुहान. त्यांनी तीन वेळा लावलं. मग विचारलं, इतकी वर्षं तू मला चुकीचं का सांगितलंस? पैसे तर मी कधी दिले नाहीत, मग खूश करायला का? ती म्हणाली, "सॉरी, सर इनास." आणखी काही विचारलं तरी सॉरीच. मला आता कळतं की ती समोरच्याचा राग थांबवायला सॉरी म्हणत होती. अंकलना तो कबुलीजबाब वाटला. त्यांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि भिंतीवरच्या कागदाच्या मधोमध मारला. नेनितानं कप सिंकमध्ये नेऊन धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि ती गेली. मी बाल्कनीच्या दाराशी बसून होते.

त्यानंतर शुक्रवार बंद झाले. ऑफिसात ती त्यांच्या मजल्यावर यायची थांबली, दुसरीशी ड्युटी बदलून घेतली. अंकल आईला म्हणाले, "वहिनी, माणसं ओळखण्यात मी कच्चा." आई मला म्हणाली की त्या बाईनं बिचाऱ्याला चांगलंच फसवलं. मी हेडफोन लावले.

नोव्हेंबरात अंकलच्या टेबलाची पाळी आली. व्हिसा रद्द, तीस दिवसांत निघायचं. त्यांनी सोफा वॉचमनला दिला, फ्रिज तिसऱ्या मजल्यावर, प्रेशर कुकर आमच्याकडे. रेकॉर्डिंगं मात्र कोणाला देणार? आई म्हणाली, घेऊन जा, आठवण राहील. ते म्हणाले, "खोट्या शब्दांची काय आठवण, वहिनी? कचऱ्यात टाकतो जाताना."

ते निघायच्या आदल्या संध्याकाळी मी इंटरव्ह्यूहून परत आले तेव्हा लॉबीत नेनिता उभी होती. युनिफॉर्ममध्येच, हातात झाकणाचा डबा. मी विचारलं, वर नाही गेलीस? ती म्हणाली, सरांनी बोलावलं नाही. मग तिनंच विचारलं, तुमच्या आईंकडे देऊ का हे? सरांना माझं नाव सांगू नका. तिनं डबा पुढे केला. मी तो घेतला नाही. मी तिला पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि लिफ्टमध्ये शिरले. नऊचं बटण सवयीनं दाबलं गेलं, मग मी सहाचं दाबलं.

दार उघडंच होतं. घरात ट्यूबलाइट आणि दोन बॅगा, बाकी काही नाही. भिंतीवर त्या कागदाच्या जागी फिकट चौकोन होता. बाल्कनीची दोरी रिकामी. अंकल जमिनीवर मांडी घालून बसले होते, समोर रेकॉर्डरच्या कॅसेटी आणि सीड्या काळ्या पिशवीत भरलेल्या, आणि ते त्या पिशवीला गाठ मारत होते. मला पाहून उठायला लागले, गुडघ्यावर हात टेकून, तसेच अर्धवट थांबले. मी आत उंबऱ्यापाशीच उभी राहिले. इतकी मराठी वाक्यं मी आयुष्यात एका दमात कोणाशी बोलले नव्हते.

"अंकल, ते टाकू नका. नेनितानं खोटं काही सांगितलेलं नाही. ती आणि मिला अकरा वर्षं एका खोलीत राहत होत्या, ते सगळे शब्द त्या खोलीतले आहेत. आईशी ती वेगळं बोलते, मी बाल्कनीत ऐकलंय. मिला गेल्यापासून ते शब्द बोलायला तिला फक्त तुम्हीच होतात. ती खाली उभी आहे. आणि तुम्ही मला विचारलं होतंत, वेगळं ऐकू येतं का. येत होतं, अंकल. मार्चपासून येत होतं."